भातामागचा वाल



वसंतात व्याख्यानाला येणाऱ्या मंडळींना इतिहासाचा वक्ता म्हटले म्हणजे काही ठराविक गोष्टींची अपेक्षा असते. एखादा किल्ला, एखादी लढाई, एखादा तह, नाहीतर एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र. आपल्या ठाणे-कल्याणच्या भागात ह्यांपैकी कशाचीच वानवा नाही. तेव्हा फलकावर 'वाल' हा विषय वाचून आपल्यापैकी काहींना मौज वाटली असेल. एका गृहस्थांनी तर आत येता येता मला विचारले, "रामायणातला वाली का हो?" मी म्हणालो, "नाही, डाळिंबीतला." ते हसले आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले. म्हणजे विषय त्यांना परका वाटला नाही, एवढे खरे.

आज मला आपल्यापुढे एकच गोष्ट मांडावयाची आहे. कोकणची जमीन एकपिकी, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. पावसाळ्यात भात, मग आठ महिने रान मोकळे. ठाणे-कल्याणच्या बाबतीत हे म्हणणे अर्धेच खरे आहे. येथल्या गोड्या जमिनीत भातामागून आणखी एक पीक निघत असे. त्याला पाटाचे पाणी लागत नसे आणि पाऊसही लागत नसे. ते पीक म्हणजे वाल. भाताचा इतिहास दप्तरांत लिहिला गेला, बंदरांचा प्रवाशांनी लिहिला, आगगाडीचा साहेबांनी लिहिला. वालाचा कोणी फारसा लिहिला नाही. न लिहिलेल्या गोष्टी 'नव्हत्याच' असे पुढे मानले जाते, आणि त्याचा परिणाम कागदापुरता राहत नाही, तो जमिनीवर होतो. कसा, ते शेवटी सांगेन.

प्रथम वस्तूची ओळख नीट पटवून घेऊ, कारण आज बाजारात पांढऱ्या दाण्यांची इतकी गर्दी झाली आहे की नावांचा घोटाळा होतो. आपण ज्याला वाल म्हणतो तो आकाराने लहान, वरून तांबूस, चवीला किंचित कडसर. म्हणून 'कडवे वाल'. त्याचाच भाऊबंद म्हणजे पांढरा, टपोरा पावटा आणि गोडे वाल. घाटावर पावट्याचे राज्य, घाटाखाली कडव्या वालाचे. गुजरातेत ज्या शेंगेला सुरती पापडी म्हणतात तीही ह्याच कुळातली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही सारी एकाच जातीची लेकरे. लिनियसने १७५३ साली तिला 'डोलिकोस लॅबलॅब' असे नाव दिले. आज 'लॅबलॅब पर्पुरियस' हे नाव रूढ आहे. त्यातला 'लबलाब' हा वेलीसाठी असलेला अरबी शब्द आहे. कडव्या वालाची साल तांबूस असली, तरी ती काढली की आतला दाणा पांढराच निघतो. म्हणजे वाटीत वाढल्यावर वाल आणि पावटा पुन्हा एकाच रंगाचे होतात.

वाण्याच्या दुकानात ह्याच्याच शेजारी पांढरा राजमा असतो, डबल बी असते. मोठ्या दुकानात विलायती डब्यांतले बेक्ड बीन्स असतात. हे सारे दाणे पांढरे, पण घराणे निराळे. राजमा आणि आपला श्रावणघेवडा हे एका जातीचे आणि डबल बी हा त्यांचा चुलतभाऊ. दोघांचेही मूळ अमेरिका खंडात. डबल बीचे इंग्रजी नाव तर पेरू देशाच्या लिमा ह्या राजधानीवरून पडले आहे. कोलंबसाची पहिली सफर १४९२ ची. त्यापूर्वी जुन्या जगात ह्या घेवड्यांपैकी एकही दाणा नव्हता. मिरची, बटाटा, टोमॅटो ही मंडळीही त्यानंतरचीच. म्हणून इतिहास वाचताना एक नियम ध्यानात ठेवावा: १४९२ पूर्वीच्या संस्कृत वा मराठी ग्रंथात शेंगेचे कडधान्य भेटले, तर ते राजमा असू शकत नाही. ते बहुधा वाल, चवळी किंवा त्यांच्याच कोणा सोबत्याचे नाव असते.

मग वाल तरी मूळचा येथलाच का? तर तसेही नाही. त्याचे रानटी पूर्वज आफ्रिकेत आढळतात. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ह्यांचेही माहेर तेच. ही धान्ये इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात आपल्याकडे आली आणि येथली होऊन गेली. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत जळून काळे झालेले जे दाणे सापडले, त्यांत जव, मसूर, कुळीथ ह्यांच्याबरोबर वालाचाही दाणा आहे. ज्या काळी ह्या प्रदेशात लोखंड ठाऊक नव्हते, त्या काळी चुलीवर वाल शिजत होते. नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख आपण फार जुना मानतो. तो ह्या दाण्यांपुढे पुष्कळ अलीकडचा ठरतो.

संस्कृत ग्रंथांत वालाला 'निष्पाव' म्हणतात. चरक-सुश्रुतांना निष्पाव माहीत आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात त्याची आणखी नावे दिली आहेत: राजशिंबी, वल्लक आणि श्वेतशिंबिक. शिंबी म्हणजे शेंग. तेव्हा श्वेतशिंबिक म्हणजे सरळ 'पांढरा शेंगवाला' असेच झाले. 'वल्लक' पाहिल्यावर आपला 'वाल' कोठून आला हे वेगळे सांगावयास नको. वैद्यांनी त्याला प्रशस्तिपत्र मात्र दिलेले नाही. गुरू, रूक्ष, वातकर असा त्याचा लौकिक. रात्री भरपूर उसळ खाणाऱ्यांना त्याचा अनुभव असेल. वैद्यांच्या ह्या मताची पर्वा न करता राजाच्या पाकशाळेत मात्र निष्पावाला मान होता. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नाच्या प्रकरणात डाळी-कडधान्यांच्या पदार्थांत निष्पाव येतो. ह्या राजाची राजधानी कल्याण. पण ते कल्याण आपले नव्हे, कर्नाटकातले बसवकल्याण. आपल्या कल्याणच्या अभिमानी मंडळींनी हा ग्रंथ चुकून आपल्या खात्यावर जमा करू नये, म्हणून एवढा खुलासा.

वालाची दुसरी साक्ष सोनाराच्या पेढीवर मिळते. तेथे वाल हे वजन होते. तीन गुंजांचा एक वाल आणि बत्तीस वालांचा एक तोळा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यावर, आरंभीच वजनांची कोष्टके दिली आहेत. त्यांत दोन यवांची गुंज आणि तीन गुंजांचा वल्ल असे स्पष्ट सांगितले आहे. आता थोडा हिशेब करू. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. त्याला ३२ ने भागले तर वाल म्हणजे साधारण ०.३६ ग्रॅम होतो. घरी वालाचे शंभर दाणे तोलून पाहा. जातीप्रमाणे २५ पासून ४० ग्रॅमपर्यंत भरतात. म्हणजे एका दाण्याचे वजन त्या जुन्या वजनाच्या आसपासच येते. गुंज ही जशी खरोखरची बी, यव म्हणजे जसा खरोखरचा जवाचा दाणा, तसेच हेही असावे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि सोनाराच्या तराजूतून वाल उतरला. पण ज्या दाण्यावरून सोन्याचे वजन सांगितले जाई, तो दाणा घरोघरी ओळखीचा असला पाहिजे, एवढे तरी ह्यावरून निश्चित होते.

आता शेतात चला. आपल्या भागात जमिनीचे दोन ठळक प्रकार. खाडीलगतची खारी जमीन आणि आतली गोडी जमीन. ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, भिवंडी ह्यांच्या कडेने खाडी गेली आहे; तेथल्या खाजणात बांध घालून भात घेत, पण वालाला मीठ सोसत नाही. वाल तो गोड्या खाचरांचा: उल्हास, काळू, भातसा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतला, कल्याणपासून मुरबाड, शहापूर, बदलापूरपर्यंतचा. कार्तिकात भात कापून खळ्यावर गेला की खाचरात ओल शिल्लक असते. ती फार असली तर बी कुजते, उडून गेली तर उगवत नाही. मधला जो नेमका वापसा, तो हेरून नांगर धरावयाचा आणि वाल पेरावयाचा. दिवाळी आणि देवदिवाळीच्या आगेमागे ही धांदल असे. एकदा पेरा झाला की आकाशाकडे पाहावे लागत नाही. उलट अवकाळी पाऊस आला, आभाळ भरून राहिले, तर मावा पडतो आणि पीक हातचे जाते. ह्या पिकाला पाऊस हा शत्रू. जमिनीतली ओल, थंडी आणि पहाटेचे दव एवढ्या भांडवलावर ते वाढते. पौषात फुलते, माघात ओल्या शेंगा देते आणि फाल्गुनात वाळून खळ्यावर येते. होळीच्या सुमारास कणगीत राखेत घोळलेले वाल भरले की वर्षाची बेगमी झाली. राख घालावयाची ती भुंग्यासाठी. वालाचा तो मोठा वैरी.

ह्या पिकाने दाणे दिले एवढेच नव्हे, तर जमीनही सावरली. वालाची मुळी उपटून पाहिली तर तिच्यावर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींतले सूक्ष्म जंतू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. हेलरीगेल आणि विल्फार्थ ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी हे १८८८ साली सिद्ध केले. आपल्या शेतकऱ्याला नत्र हा शब्द ठाऊक नव्हता. त्याला 'बेवड' हा शब्द ठाऊक होता. मागच्या पिकाचा पुढच्या पिकाला जो गुण लागतो तो बेवड. वालाचा बेवड चांगला, हे सांगावयास त्याला जर्मनीला जावे लागले नाही. भाताच्या रोपासाठी ठाणे जिल्ह्यात 'राब' जाळण्याची चाल होती. झाडांच्या फांद्या, पाला, शेण वाफ्यावर पसरून पेटवीत. सरकारने जंगले राखून ठेवली तेव्हा ह्या राबावरून इतका असंतोष माजला की १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी एक कमिशन नेमावे लागले. राबाचा प्रश्न असा सरकारदरबारी गाजला, कारण तेथे सरकारशी भांडण होते. वालाचे कोणाशीच भांडण नव्हते, म्हणून त्याच्यासाठी कमिशन बसले नाही.

आणि हाच मुद्दा मला पुढे न्यावयाचा आहे. ह्या प्रदेशाविषयी लिहिणारे थोडे नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदर आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. शिलाहारांचे श्रीस्थानक म्हणजे आपले ठाणे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या व्यापाराचे वर्णन केले. त्यात कातडे आहे, कापूस आहे, कापड आहे. ठाणे पोर्तुगीजांकडे होते, ते १७३७ साली मराठ्यांनी घेतले. त्याआधी १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि येथल्या खाडीवर आरमाराच्या उभारणीस सुरुवात केली. ह्या सर्व कागदांत बंदर आहे, जकात आहे, भात आहे. भात राजाला सारा म्हणून देता येई, खंडीने मोजून गलबतात भरता येई. वाल घरासाठी पिके आणि घरात संपे. त्याची जकात ती काय येणार?

इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जमिनीची पाहणी आणि आकारणी झाली. आपल्या भागात जमिनीचे तीन वर्ग ठरले: भातजमीन, बागायत आणि वरकस. वरकसावर नाचणी, वरी आणि राबाचे गवत. ह्या तिघांत वालाची जमीन कोठे? कोठेच नाही. कारण वालाला स्वतःची जमीन नव्हतीच. तो भाताच्याच खाचरात पाहुणा म्हणून येई आणि चार महिने राहून जाई. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात पिकांच्या यादीत वालाचे नाव आहे, पण भाताच्या थाटापुढे ते पंक्तीच्या टोकाला बसलेल्या पाहुण्यासारखे आहे. कोणी मुद्दाम लपविले असे नव्हे. मोजणाऱ्याची पट्टी भाताची होती, आणि ज्या पट्टीने मोजावे तेच दिसते.

शेताने आणि दप्तराने जे नीट जपले नाही ते स्वयंपाकघराने जपले. येथे मी भगिनीवर्गाची क्षमा मागून बोलतो, कारण ह्या विषयात अधिकार त्यांचा. वाल रात्री भिजत घालावयाचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधावयाचे, उबेला ठेवावयाचे. थंडीत मोड यायला अधिक वेळ लागतो. मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा अंगठा आणि बोट ह्यांत दाबावयाचा. साल हाती राहते आणि पांढरी डाळिंबी सुळकन बाहेर पडते. आमच्या घरी हे काम दुपारच्या जेवणानंतर ओसरीवर चाले. आजी, आई, काकू आणि शेजारच्या मावशी परातीभोवती बसत. आम्हा मुलांनाही चार मुठी सोलावयास देत आणि सोललेल्यापेक्षा उडालेल्या डाळिंब्या अधिक म्हणून ओरडाही मिळे. तासभर सोलावे तेव्हा घराला एक वेळची उसळ व्हावी. ह्या श्रमाची नोंद कोणत्याही गॅझेटियरात नाही.

हा खटाटोप उगाच नव्हता. कडव्या वालाच्या कच्च्या दाण्यात, विशेषतः सालीत, तुरट द्रव्ये असतात. पचनाला अडथळा करणारी द्रव्येही दाण्यात असतात. भिजविणे, मोड आणणे, सोलणे आणि नीट शिजविणे ह्यांनी ती कमी होतात. वैद्याने 'गुरू' म्हणून नाव ठेवलेल्या धान्यातून शेकडा वीस-पंचवीस इतके प्रथिन काढून घेण्याची ही युक्ती आपल्या बायकांनी प्रयोगशाळेवाचून साधली. शिवाय उसळीत जिरे आणि हिंग, आमसूल आणि गुळाचा खडा, वर ओले खोबरे आणि कोथिंबीर, ही योजनाही जिभेइतकीच पोटाची काळजी घेणारी आहे.

एकाच डाळिंबीची घरोघर निराळी तऱ्हा. ब्राह्मणांच्या पंगतीत डाळिंब्यांची उसळ आणि डाळिंबी भात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या आणि पाठारे प्रभूंच्या घरी 'बिरडे'. ठाण्या-कल्याणात कायस्थांची वस्ती जुनी, आणि श्रावणी सोमवारचा उपास सोडताना नारळाच्या दुधातले बिरडे पानावर नसेल तर सोमवार झाल्यासारखा वाटत नाही, असे ती मंडळी सांगतात. ह्याला धर्माइतकेच हवामानही कारण आहे. श्रावणात समुद्र खवळलेला, मासेमारी नारळी पौर्णिमेपर्यंत बंद, ताजी भाजी कमी. अशा वेळी फाल्गुनात राखेत पुरून ठेवलेले वाल कामी येतात. आगरी-कोळ्यांच्या घरी तेच वाल वांग्याबरोबर, नाहीतर सुक्या मासळीबरोबर कालवणात पडतात. कुणबी, ठाकूर, कातकरी ह्यांच्या चुलीवर मिरची-मिठातले साधे वाल भाकरीबरोबर जातात. एका गावातल्या सगळ्या आळ्यांत शिजणारे असे पदार्थ फार नसतात.

आणि ज्याला चूलही नको, तो प्रकार म्हणजे पोपटी. माघातल्या थंडीत खाचरातच वालाच्या कोवळ्या शेंगा तोडतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात शेंगा, ओवा, मीठ भरतात. कोणी अंडी, कोणी बटाटे, कोणी कोंबडी घालतात. तोंड पुन्हा पाल्याने दाबून मडके उपडे ठेवतात आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. पलीकडे वलसाडच्या बाजूला ह्याच तऱ्हेने 'उंबाडियूं' करतात. आज पोपटीचे नाव रायगडशी जोडले गेले आहे, आणि ते योग्यही आहे. पण जेथे जेथे भातामागे वाल होता, तेथे तेथे थंडीच्या रात्री खाचरात असा जाळ दिसे.

आता शहराकडे वळतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणला पोहोचली. डोंबिवलीला स्टेशन झाले ते १८८७ साली. गाडी आली म्हणून गावे लगेच शहरे झाली नाहीत. बराच काळ गाडीतून उतरावे आणि दोन्ही बाजूंच्या शेतांमधून घरी जावे, अशी स्थिती होती. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव पडले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढच्या काही वर्षांत डोंबिवलीत कारखान्यांची वसाहत उभी राहिली. ठाण्याची महानगरपालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ ची. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवली बारा लाखांवर गेलेली दिसते. ह्या लाखो माणसांना घर मिळाले, काम मिळाले. मी त्याबद्दल तक्रार करीत नाही. मीही अशाच एका खाचरावर उभ्या राहिलेल्या इमारतीत राहतो.

पण वाल कसा गेला, ते समजून घेणे जरूर आहे. लोक म्हणतात, बिल्डर आला आणि शेती गेली. वालाची गोष्ट त्याआधीच संपू लागते. भात कापल्यावर गुरे मोकळी सोडण्याची कोकणात जुनी रीत. ज्या शिवारात सगळेच वाल पेरतात, तेथे सगळे मिळून गुरे आवरतात आणि राखणीला माणूस ठेवतात. समजा, दहा खाचरांपैकी चार विकली गेली आणि बांधकाम सुरू होईपर्यंत तशीच पडून राहिली. तेथे आता राखण कोण करणार? गुरे त्या वाटेने आत शिरतात आणि उरलेल्या सहांचा वाल खाऊन जातात. एक-दोन वर्षे असे झाले की ते सहाजणही पेरा बंद करतात. भात मात्र चालू राहतो, कारण पावसाळ्यात गुरे बांधलेली असतात. शेजारी भराव पडला की ओलीचे गणितही बदलते. एका खाचरात पाणी तुंबते, दुसरे वेळेआधीच सुकते. म्हणजे वाल हे एकट्याचे पीक नव्हते. ते शिवाराचे पीक होते, आणि शिवार मोडले की ते पहिल्याने मोडते. मग जमीन खरोखरच एकपिकी होते. पुढे ती विकताना घेणारा म्हणतो, "आठ महिने पडूनच असते की!" आणि देणाऱ्याजवळ ह्यावर उत्तर नसते, कारण त्याचे उत्तर दोन-चार वर्षांपूर्वीच गुरांनी खाल्लेले असते.

आरंभी मी म्हणालो होतो की न लिहिलेल्या गोष्टीचा परिणाम जमिनीवर होतो, तो हा. आपण जिला 'रिकामी' म्हणून तोलले, ती जमीन रिकामी नव्हती. सात-बाराच्या उताऱ्यात सात नंबरात मालकाचे नाव असते आणि बारा नंबरात कोणत्या हंगामात कोणते पीक घेतले ते असते. जुन्या उताऱ्यांत खरिपात भात आणि रब्बीत वाल अशी नोंद सापडली, तर ती त्या खाचराची साक्ष समजावी. जमीन बिनशेती होऊन शहरात आली की उताऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका येते. तीत मालकाचे नाव असते, क्षेत्रफळ असते, बोजा असतो. पिकाचा रकाना तीत नसतो.

वाल पुरता गेला आहे असे मात्र समजू नका. मुरबाड-शहापुराकडे, कर्जत-पनवेलीकडे आणि खाली रोहा-माणगावापर्यंत भातामागे वाल अजून पेरला जातो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, जे १९७२ साली स्थापन झाले, 'कोकण वाल' ह्या नावाने सुधारलेले वाण काढले आहेत. बाजारात सोललेल्या डाळिंब्या तयार मिळतात; दाम जास्त वाटले तर परातीभोवतीची ती ओसरी आठवावी.

जाता जाता आपल्याकडे एक मागणे आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, नाहीतर शेजारी, जुन्या गावठाणातली वयस्क माणसे असतील. त्यांना किल्ल्याच्या गोष्टी विचारता तसे हेही विचारा, की बाबा, आपल्या गावाच्या कोणत्या अंगाला वाल होत असे, राखणीला कोण जाई, पोपटी कोठे लागे. जे सांगतील ते वहीत उतरून ठेवा, सालासकट आणि खाचराच्या नावासकट. खाचरांना नावे असत. आज त्या जागी ज्या इमारती आहेत त्यांनाही नावे आहेत, पण ती निराळी. दोन्ही नावे एका ओळीत लिहून ठेवली तर पुढे कोणी ठाणे-कल्याणचा इतिहास लिहावयास बसेल तेव्हा त्याला भातामागचा वाल दिसेल, आणि येथली जमीन एकपिकी होती असे तो लिहिणार नाही.